'मिरची'चं कोरं पान

शिवी द्यायची असेल तर लेखी द्या, असं म्हणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आणि त्या नुसतं म्हणायच्या नाहीत, पिशवीतून कागद काढून पुढे धरायच्या. वर पेनही द्यायच्या.

एकदा आम्ही दोघी दुकानातून परतत होतो. मी डावीकडे, त्या उजवीकडे, मध्ये सरकारी दीड मीटर. सायकलवरून एक पोरगेला माणूस गेला आणि जाता जाता त्यांच्याकडे बघून ओरडला, "चिनी, कोरोना." मला राग आला, पण डच भाषेत चटकन रागावता येईना. त्या मात्र खणखणीत डचमध्ये त्याच्या पाठीवर ओरडल्या, "निम्मं चुकलं. चिनी नाही. दुरुस्त करून परत ये, छापते." तो खरंच थांबला. वळून बघितलं. यांच्या हातात कागद तयार. तो जो सुटला, तो सिग्नल लाल असताना.

"बघ," त्या म्हणाल्या, "लिहायचं म्हटलं की माणसं पळतात. उगाच बंदुका विकत घेतात सरकारं."

त्यांचं नाव होआ. नायमेखनला मी ज्या इमारतीत भाड्याने राहायचे, तिथे माझ्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वय एकाहत्तर, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि माझी उंची फार आहे अशातलाही भाग नाही. जन्म व्हिएतनामचा. त्या देशाबाहेर पन्नास वर्षं राहून त्यांनी त्या देशातल्या यच्चयावत सगळ्यांशी भांडण करून ठेवलं होतं.

आमची ओळख झाली ती मी भांडायला गेले म्हणून. लॉकडाऊन नुकता लागला होता. मी चिप बनवणाऱ्या कंपनीत कामाला, सगळं काम घरून, आणि मीटिंग सुरू झाली की भिंतीतून आवाज यायचा: खटक-सर्र, खटक-सर्र. मी जालन्याच्या पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी, आवाजाचं मला काही वाटत नाही. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यातून थेट हॉलंडात नोकरी. माझी मीटिंग म्हणजे आमच्या अख्ख्या आळीची मीटिंग. साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे काही दळताय का?" तेव्हा मी उठलेच.

दार उघडलं. अंगात एप्रन, दहाही बोटं शाईने काळी. मी तोंड उघडायच्या आत प्रश्न आला, "तुझ्या वडिलांचं वय काय?"

मला वाटलं, ऐकायला कमी येतं. मी म्हटलं, "आवाजाबद्दल बोलायला आलेय."

"ते बोलू. आधी वडिलांचं वय. त्याशिवाय तुला काय म्हणायचं आणि तू मला काय म्हणायचं, ते कसं ठरणार?"

आपल्याकडे समोरच्या बाईला काकू म्हणावं की मावशी, एवढाच घोळ. त्यांच्याकडे नातं ठरल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. मी तिथूनच दादांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. दादा म्हणाले, "शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, पण ती मास्तरांनी टाकलेली. खरं म्हणशील तर बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायचो, एवढा होतो." मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी शाईच्या बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे मी मोठी. मला बाक म्हणायचं. वडिलांहून वडील असलेल्या आत्या-काकाला आम्ही बाक म्हणतो. तू माझी भाची. आता बोल, तक्रार काय?"

भाची झाल्यावर काय तक्रार करणार? तरी मी केली. त्या शांतपणे म्हणाल्या, "लिहून दे. शेवटचं पान रिकामंच आहे."

आत टेबलावर यंत्र होतं. आपल्याकडे शाळेत प्रश्नपत्रिका काढायचे, ते हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल. मेणाच्या कागदावर टाइप करायचं, तो स्टेन्सिल ड्रमवर चढवायचा, शाई भरायची आणि हँडल फिरवायचं. मी म्हटलं, "प्रिंटर का नाही घेत?" त्या म्हणाल्या, "प्रिंटर बंद पडला तर तुझ्या कंपनीत फोन करावा लागेल. आणि तुम्ही सदा मीटिंगमध्ये."

त्यावर छापत होतं ते त्यांचं नियतकालिक. नाव 'मिरची'. म्हणजे त्यांच्या भाषेतला मिरचीचा शब्द. डावीकडे व्हिएतनामी, उजवीकडे डच, मध्ये हाताने काढलेली मिरची. पोरवयात त्या सायगावच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या, सरकारची शिष्यवृत्ती घेऊन वाखनिंगनला शेतकी शिकायला आल्या. तेव्हा तिकडे युद्ध भरात होतं. इथे त्या युद्धाविरुद्ध मोर्चे निघायचे. होआबाक फलक घेऊन पहिल्या रांगेत. सरकारने शिष्यवृत्ती बंद केली, पासपोर्टही नवा करून दिला नाही. त्या धोबीखान्यात नोकरीला लागल्या आणि एका चर्चच्या तळघरात 'मिरची' काढू लागल्या. मग युद्ध संपलं. ज्यांच्या बाजूच्या म्हणून लोक त्यांना ओळखत, ते जिंकले आणि हरलेल्यांना छावण्यांत डांबू लागले. होआबाकनी तेही छापलं.

"जिंकलेल्यांनी मला गद्दार म्हटलं," त्या सांगायच्या. "हरलेले आधीपासून म्हणतच होते. एवढं मोठं युद्ध झालं, पण अख्ख्या देशाचं एकमत फक्त माझ्यावर झालं."

हे सांगताना त्या इतक्या हसायच्या की चष्मा काढून पुसावा लागायचा.

शेवटचं पान पहिल्या अंकापासून कोरं. चुकून नाही, नियम म्हणून. ज्याला 'मिरची' पटत नाही, त्याच्यासाठी ते पान. त्याने काय वाटेल ते लिहावं, एक अक्षर न बदलता छापू. तोंडी शिव्या पन्नास वर्षं भरपूर आल्या. लेखी एकही नाही. अंक मात्र दरवेळी ते पान मोकळं ठेवून निघायचा. अलीकडे काही वर्षं तोही बंद होता. मग टीव्हीवर कुणीतरी म्हणालं, की आपण विषाणूशी युद्ध करतोय.

"युद्ध म्हणे," होआबाक पडद्याला म्हणाल्या. "विमानं कुठायत? शेजारच्या गावाला आग कुठे लागलीय? घरात बसून केक भाजताय आणि म्हणे युद्ध." त्याच दिवशी त्यांनी इमारतीच्या तळघरातलं यंत्र वर आणवलं. मी ऐकलेली खटक-सर्र ती हीच. अंकाचा मथळा होता, 'याला युद्ध म्हणू नका'.

त्या दिवसांत लोक दुधाची पिशवीसुद्धा धुऊन घ्यायचे. मी म्हटलं, बाक, तुमचे कागद कोण हातात घेणार? "कागदाला सर्दी होत नाही," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी बघते तर इस्त्री तापवून एकेक पान इस्त्री करत होत्या. धोबीखान्यातला हात, काय सफाई. पानं अशी कडक झाली की दुमडताना पापडासारखी वाजत.

पानं लावायची त्यांची पद्धत ठरलेली. मोठ्या टेबलावर पानांचे गठ्ठे, आणि सगळ्यांनी टेबलाभोवती फिरत प्रत्येक गठ्ठ्यातलं एकेक पान उचलायचं. एक फेरी, एक अंक. पण आता घरात पाहुणे बोलवायची चोरी. त्यांनी यावर तोड काढली. आमच्या मजल्यावर सगळ्या दारांसमोरून जाणारी लांब उघडी गॅलरी होती. झाडूचा दांडा दीड मीटरचा आहे असं त्यांनी जाहीर केलं, मी मोजला नाही, आणि त्या मापाने दारोदार स्टुलं मांडून त्यावर गठ्ठे ठेवले. गठ्ठ्यांवर वजनाला विटा. मग मी, त्या आणि कोपऱ्यावरचा हेंक, निवृत्त पोस्टमन, असे एकामागून एक निघालो. शेवटच्या दाराशी स्टेपलर.

"गाणं म्हणा," मागून हुकूम आला. "पाय एका तालात पडले नाहीत तर धक्का लागतो."

हेंकने सुरुवात केली ती नाताळच्या गाण्याने, एप्रिल महिन्यात. मला ऐन वेळी आठवली ती गणपतीची आरती. होआबाकना आवडली. "ही चांगली आहे, हिच्यात टाळ्या आहेत." मास्क लावून, वीट उचल, पान घे, वीट ठेव, टाळी वाजव, पुढच्या दाराशी जा. खालून जाणारे थांबून बघत. मध्येच वारा सुटला आणि तिसरं पान झाडांवर गेलं. हेंक म्हणाला, आता पोस्टाचा काय उपयोग, थेट घरपोच.

छापून झाले, पण वाटायचे कुठे? वाचनालय बंद, कॅफे बंद. उघडी फक्त खाण्याची दुकानं. आणि आमच्या दुकानांच्या चौकात खाण्याचं एकच ठिकाण होतं, तामकाकांची लुम्पियाची टपरी.

लुम्पिया म्हणजे आपल्या स्प्रिंग रोलचा थोराड भाऊ. नेदरलँड्समध्ये प्रत्येक बाजारात एक व्हिएतनामी माणूस पांढऱ्या टपरीत उभा राहून तो तळत असतो. तामकाका तसे तळत होते, होआबाक त्यांच्याकडे दर शनिवारी जात होत्या, आणि दोघांत चाळीस वर्षं एक शब्द झाला नव्हता. त्या समोर उभ्या राहायच्या. तामकाका न विचारता दोन लुम्पिया पुड्यात घालायचे, चटणी वेगळी. त्या 'मिरची'चा अंक काउंटरवर ठेवायच्या. ते तो उलटा करून तळणाच्या ताटाखाली सारायचे, तेल टिपायला.

"इस्त्रीचा कागद," होआबाक म्हणायच्या. "तेल छान टिपतो."

तामकाका हरलेल्या बाजूचे शिपाई. धाकटा भाऊ युद्धात गेला, ते स्वतः पुढे होडीतून निसटून इथे आले. इथल्या पहिल्याच नववर्षाच्या जेवणाला बघतात तर दाराशी होआबाक टेबल मांडून अंक वाटतायत. त्यांनी टेबल उलटं केलं आणि माशांच्या सॉसची बाटली गठ्ठ्यावर ओतली. "त्या अंकाला वर्षभर वास येत होता," होआबाक सांगायच्या. "तरी वाटले. लोकांनी वास घेऊन तरी लक्षात ठेवला."

मी विचारलं, त्यांचं म्हणणं तरी काय?

"तो म्हणतो, आम्ही तिकडे मरत होतो आणि ही इथे गाणी म्हणत होती."

"मग?"

"निम्मं खरं आहे. गाणी मी म्हणत होते. उरलेलं निम्मं त्याने लिहावं. ते पान मी त्याच्यासाठीच ठेवलंय, भाची. बाकीच्यांचं मला काय करायचंय? बाकीचे नुसते रागावलेत. त्याचा भाऊ गेलाय." आणि लगेच पूर्वपदावर, "शिवाय तो मला 'बाईसाहेब' म्हणतो, तेही दुसऱ्यांशी बोलताना. मी म्हशीच्या वर्षातली, तो वाघाच्या. आमच्या पंचांगात म्हैस वाघाच्या एक वर्ष आधी येते. वाघाने म्हशीला ताई म्हणायला पाहिजे."

शरद ऋतूत एका सकाळी टपरीच्या शटरवर कुणीतरी काळ्या रंगाने 'विषाणू' असं लिहिलं. हेंकने बातमी आणली. होआबाक रोलेटर घेऊन निघाल्या. रोलेटर म्हणजे म्हाताऱ्यांची चाकांची ढकलगाडी, पुढे टोपली, वर बसायला फळी. यांच्या टोपलीत कायम कागद, पेन, चिकटपट्टी. तामकाका ओल्या फडक्याने शटर घासत होते. होआबाकनी घासलेल्या जागेवर एक भला मोठा कोरा कागद चिकटवला, वर डचमध्ये लिहिलं, 'शिवी इथे द्या. खाली नाव लिहा.' आणि दोरीने पेन टांगलं. तामकाका बघत राहिले. चिकटपट्टीचं एक टोक सुटत होतं, ते त्यांनी अंगठ्याने दाबलं. बस, तेवढंच.

शिवी कुणी दिली नाही. नाव लिहायचं म्हटल्यावर सगळे गोगलगाय. एका पोराने डुक्कर काढलं, सुबक होतं. एका आजीबाईंनी लिहिलं, 'तुम्ही रविवारी बंद असता तेव्हा मला करमत नाही.' आणि एका गृहस्थाने नावगावासकट लिहिलं, 'चटणी पूर्वीइतकी तिखट राहिली नाही.'

हे मात्र तामकाकांना लागलं. विषाणू म्हटलं ते सोसलं, पण चटणी? त्यांनी दोरीचं पेन ओढलं आणि खाली गचागच चार ओळी लिहिल्या, की चटणी तीच आहे, तुमची जीभ म्हातारी झालीय. खाली सही.

मी ते होआबाकना सांगितलं, तर त्या खुर्चीतून उठल्याच. "त्याने पेन धरलं?"

"धरलं."

"स्वतःहून?"

आतल्या कपाटातून त्यांनी एक चपटी पेटी आणली. मेणाचे स्टेन्सिल आता कुणी बनवत नाही. पुढच्या अंकापुरते होते, आणि वर एकच उरत होता. त्यांच्या घरच्या डॉक्टरने छाती तपासून सांगितलं होतं, की हँडल फिरवणं आता पुरे. नववर्षाला म्हशीचं वर्ष लागणार होतं, त्यांचं स्वतःचं. तो 'मिरची'चा शेवटचा अंक, आणि तो उरलेला स्टेन्सिल तामकाकांचा.

शनिवारी त्या टपरीसमोर उभ्या राहिल्या. दोन लुम्पिया आले. त्यांनी स्टेन्सिल आणि टोकदार लोखंडी लेखणी काचेखालून आत सरकवली आणि चाळीस वर्षांनंतर त्या माणसाशी पहिलं वाक्य बोलल्या. मी नंतर विचारलं, काय म्हणालात?

"म्हटलं, तेलापासून लांब ठेवा. मेण वितळतं."

पुढचे सगळे आठवडे मला हेरगिरी. स्टेन्सिल टपरीच्या लांबच्या कोपऱ्यात चिमट्याला टांगलेला दिसायचा, ओल्या रुमालासारखा. "लिहिलंय?" नाही, बाक. "बघतो तरी का?" पाठ करून तळतात. बाकीची सगळी पानं छापून, इस्त्री होऊन तयार. त्या तारीख पुढे ढकलत राहिल्या. हेंक म्हणाला, कोरं तर कोरं, पन्नास वर्षं चाललं. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं पुढचा अंक होता."

नववर्ष दोन दिवसांवर आलं आणि बर्फ पडला, कित्येक वर्षांत पडला नव्हता असा. मी म्हटलं, आज टपरी नसेल. "तो वाघ आहे, उभा असेल," म्हणत त्यांनी रोलेटर बर्फात घातला. चाकं फिरेनात, शेवटी मीच तो नांगरासारखा ओढत नेला.

टपरी होती. वाफा निघत होत्या. तामकाकांनी दोन लुम्पिया दिले, चटणी वेगळी, आणि त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टेन्सिल. भरलेला. वरपासून खालपर्यंत, समासही न सोडता.

होआबाकनी तो उजेडात धरला. पण मास्कमुळे चष्म्यावर धुकं. पुसला, पुन्हा धुकं. मास्क काढायची छाती नव्हती, अक्षरशः. त्यांनी स्टेन्सिल माझ्या हातात दिला. "वाच."

"बाक, मला व्हिएतनामी येत नाही."

"अक्षरं रोमनच आहेत. एवढी शिकलेली आहेस ना? वाच."

मी शिकलेली आहे हे मीच सांगितलं होतं, तेही पहिल्या पाच मिनिटांत. मी वाचलं, "ची... होआ."

त्यांनी माझ्या कोपराला धरलं. दीड मीटर वगैरे गेला खड्ड्यात. "काय? पुन्हा."

"ची होआ."

"होआताई," त्या म्हणाल्या. "ताई लिहिलंय." मागच्या रांगेतल्या डच बाईलाही वळून सांगितलं, "ताई लिहिलंय." बाई म्हणाली, "अभिनंदन."

पुढे मी वाचत गेले. त्या भाषेत सूर चुकला की शब्दच बदलतो, आणि माझे सगळेच चुकत होते. तामकाकांना ते सहन होईना. मनापासून लिहिलेल्या शिव्या, आणि मी त्यांचं भजं करत होते. त्यांनी काचेमागून चिमटा उचलला. चिमटा वर म्हणजे सूर वर, खाली म्हणजे खाली, मध्येच एक गिरकी. मी चिमट्याकडे बघत वाचू लागले. होआबाक दर ओळीला "खोटं", "हेही खोटं", "हे बरं लिहिलंय, पण खोटं" असं म्हणत होत्या, ते मला डचमध्ये आणि त्यांना व्हिएतनामीत. एका शब्दावर दोघंही एकदम फुटले. मी काय म्हटलं ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. तामकाका काउंटरला धरून हसत होते, रांगेवर बर्फ पडत होता.

मग एक ओळ आली, आणि चिमटा खाली गेला तो वर येईना. मी थांबले. होआबाक "खोटं" म्हणाल्या नाहीत.

"ते त्याच्या भावाचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "तुआन. पुन्हा वाच, नीट."

मी पुन्हा वाचलं. सूर बरोबर लागला असावा, कारण तामकाकांनी मान हलवली.

घरी जाताना त्या रोलेटरच्या फळीवर बसल्या, मांडीवर स्टेन्सिल, आणि मी बर्फातून ढकलत होते. "पहिला आणि तिसरा परिच्छेद धादांत खोटा," त्या म्हणाल्या. "एक अक्षर बदलणार नाही." हँडल हेंकने फिरवलं, त्या शेजारी बसून वेग सांगत होत्या. तेलाचा एक थेंब मेणावर उडाला होताच. त्या शेवटच्या पानावर प्रत्येक प्रतीत खालच्या कोपऱ्यात लुम्पियाएवढा काळा डाग आहे. माझ्याकडच्या प्रतीतही.

वसंतात मला रायस्वाइकला नवी नोकरी लागली. निघायच्या दिवशी होआबाक घरी नव्हत्या. बसमधून जाताना चौक लागला. टपरीसमोरची रांग, सगळे अंतर राखून उभे, थेट बसथांब्यापर्यंत आलेली, आणि कुणालाच काही मिळत नव्हतं. सगळ्यात पुढे रोलेटरवर बसून होआबाक हातवारे करत भांडत होत्या. बहुधा तिसऱ्या परिच्छेदावरून. तामकाकांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग चिमटा खाली ठेवला, हात पुसले, पुडा बांधायचा एक कोरा कागद ओढला आणि पेनासकट काचेखालून त्यांच्यापुढे सरकवला.

होआबाकनी पेन उचललं. बस निघाली तेव्हा त्या खाली वाकून लिहीत होत्या.